पासिंगची तारीख कळते, तपासलं काय ते कोण सांगणार?

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांपुढच्या गाड्यांची रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी वाढवली, कारला 10 हजार आणि दुचाकीला 2 हजार, आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते जुन्या गाड्या म्हणजे धूर, खडखडाट आणि अपघात, सगळ्या भंगारात घाला, जगात कुठे चालतं असं. दुसरी पार्टी म्हणते माझी 2004 ची गाडी अजून घोड्यासारखी पळते, एका सेल्फमध्ये सुरू होते, आणि हे सगळं गाडी कंपन्यांना गिऱ्हाइक मिळवून द्यायचं कारस्थान आहे. त्याच्या महिनाभर आधी दिल्लीत तर कहरच झाला होता. 1 जुलैपासून 10 वर्षांच्या डिझेल आणि 15 वर्षांच्या पेट्रोल गाडीला पंपावर तेलच द्यायचं नाही असा हुकूम निघाला, दोन-चार दिवसांत गुंडाळला गेला, आणि पुढे 12 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको. झालं, दोन्ही पार्ट्यांना नवा दारूगोळा मिळाला. मी दोन्हीकडचं ऐकून घेतो, डबा खातो आणि मनात म्हणतो, अरे गाडीचं वय काय विचारताय, तिला पास कोणी केलं ते विचारा ना.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भांडण वयावरून चाललंय ते चुकीच्या जागी चाललंय. आपल्याकडे 15 वर्षांनी जे री-पासिंग होतं त्यात गाडीचं नक्की काय तपासलं, ब्रेक किती लागला, खालून गंज किती, हे सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला कुठेच दिसत नाही. त्याला दिसते फक्त एक तारीख, अमुक सालापर्यंत व्हॅलिड. आणि जी तपासणी त्या गाडीवर जीव टाकणाऱ्या माणसाला वाचता येत नाही, तिच्यावर शंका घेता येत नाही, पुन्हा करा म्हणता येत नाही, तिला तपासणी म्हणू नका, ती फी भरल्याची पावती आहे. ही पावती 600 ला होती ती 2022 मध्ये 5 हजारांची झाली आणि आता 20 वर्षांपुढे 10 हजारांची झाली, एवढाच काय तो बदल. (आपली भाषा पण बघा, रजिस्ट्रेशनला पण पासिंग म्हणतो, 'गाडी एमएच बारा पासिंग आहे', आणि फिटनेसला पण पासिंगच म्हणतो. नापासिंग असा शब्द कधी ऐकलाय का कोणी?)

हे सगळं मला आधी कळत होतं असं नाही, माझे डोळे उघडले ते खंबाटकीला. मुलीला हात साफ करायला म्हणून मी एक जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली होती, 2009 चं मॉडेल, हायवेलगतच्या एका सेकंडहँडवाल्याकडून, 1 लाख 35 हजारांना. त्याने आरसी पुढे केलं, म्हणाला साहेब बघा, चार महिन्यांपूर्वीच री-पासिंग झालंय, 2029 पर्यंत टेन्शन नाही. मी पण एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला, तारीख बरोबर, विमा आहे, पीयूसी आहे, आणि फार मोठी चौकशी केल्याच्या थाटात पैसे दिले. पहिल्याच पावसात साताऱ्याहून येताना बोगदा ओलांडून जो उतार लागतो तिथे ब्रेक दाबला तर पॅडल निम्म्यापर्यंत मऊ गेलं आणि गाडी डावीकडे ओढली, मागे ट्रक होता, बायको काही बोलली नाही पण तिने वरचं हँडल जे धरलं ते पुण्यापर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी फिटरने गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या एका चाकाच्या ब्रेकचा व्हील सिलिंडर गळत होता, ब्रेक ऑइल ब्रेकच्या शूजवर उतरलं होतं, पुढचा होज पाइप तडकलेला, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर पत्र्याला गंज धरून पापुद्रे सुटलेले, त्याच्यावर खालून काळं अंडरकोटिंग ताजं ताजं मारलेलं. फिटरने स्क्रूड्रायव्हर टोचला तो आरपार गेला. म्हणाला, साहेब ब्रेकचं मी सांगू शकत नाही, पण हा गंज चार महिन्यांतला नाही, हा चार वर्षांतला आहे.

मी तो फोटो घेऊन गाडी जिथे पास झाली त्या ऑफिसात गेलो. तिथले गृहस्थ सभ्य होते, खोटं कशाला बोला, त्यांनी फोटो बघितला आणि शांतपणे म्हणाले, त्या दिवशी गाडी ओके होती. आता ह्या वाक्यावर मी बाहेर येऊन खूप चिडलो पण नंतर विचार केला तर त्यात दम आहे हे मान्य करायला लागतं. कुठलीही तपासणी ही त्या दिवसाचीच असते. डॉक्टरने ईसीजी नॉर्मल आहे म्हटलं म्हणजे पाच वर्षं झटका येणार नाही अशी गॅरंटी नसते. टायर महिन्यात फाटू शकतो, होज आठवड्यात जाऊ शकतो, आणि मधल्या काळात आधीच्या मालकाने किंवा डीलरने काय उद्योग केले ते इन्स्पेक्टरला कसं कळणार? बरोबर आहे. पण म्हणूनच मग प्रश्न उरतो की गळणारा सिलिंडर आणि कुजलेला पत्रा ह्या दोन्हींना 'त्या दिवशी ओके' हे एकच उत्तर कसं चालेल? एक बिघाड पटकन होणारा आहे, एक हळूहळू होणारा आहे. फिटरला हा फरक दोन मिनिटांत कळला, आणि सरकारी व्यवस्थेला तो कळायची सोयच नाही.

असं वेगळं धरायची सोय जगात कुठेच नाही का? तर आहे. माझा मामेभाऊ लंडनजवळ स्लाऊला असतो, तो जुनीच गाडी वापरतो, त्याने मला तिथल्या एमओटीचं, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीचं सांगितलं. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी टेस्ट. पण मला भारी वाटलं ते पुढचं. गाडीचा नंबर वेबसाइटवर टाकला की 2005 पासूनच्या तिच्या टेस्टचा इतिहास कोणालाही फुकट दिसतो, कधी पास, कधी नापास, कशावरून नापास, त्या दिवशी मीटर किती किलोमीटरवर, सॉरी मैलावर होता, आणि पास केली तरी 'मागचे ब्रेक पाइप गंजायला लागलेत, लक्ष ठेवा' असे शेरे. म्हणजे मीटर फिरवणाऱ्याचा धंदा निम्मा तिथेच बसतो. आणि गाडी चुकीची पास झाली असं वाटलं तर सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते, साध्या बिघाडाला 28 दिवसांत आणि गंजाला 3 महिन्यांत, ते स्वतः पुन्हा गाडी तपासतात, अट एवढीच की तोपर्यंत तिला हात लावायचा नाही. माझ्या फिटरचं जे म्हणणं ते त्यांनी नियमात लिहून ठेवलंय, गंज रातोरात येत नाही. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर चार महिने झाल्यामुळे मी तिथेही उशिराच ठरलो असतो. पण मुळात घेतानाच मला त्या पत्र्याबद्दल वाचायला मिळालं असतं आणि मी गाडीच घेतली नसती.

लगेच कोणीतरी म्हणणार, झालं, आले परदेशाचे गोडवे. नाही हो. त्यांच्या व्यवस्थेत पण मोठं भोक आहे, तिथे टेस्ट करणारं गॅरेज आणि दुरुस्ती करणारं गॅरेज बऱ्याचदा एकच असतं, म्हणजे नापास करण्यात त्याचाच फायदा, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांभाळून पास करण्यात पण त्याचाच फायदा. ह्या बाबतीत आपला 2021 चा नियम उलट जास्त चांगला आहे, ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनला, म्हणजे मशीनवर गाडी तपासणाऱ्या केंद्राला, दुरुस्तीचा किंवा स्पेअर पार्टचा धंदा करायला बंदी आहे. मला त्यांच्याकडून घ्यायचंय ते वेगळंच. एमओटी 1960 मध्ये सुरू झाली तेव्हा ती फक्त 10 वर्षांपुढच्या गाड्यांना होती. टेस्ट सुरू केल्यावर एवढ्या गाड्या नापास व्हायला लागल्या की पुढच्याच वर्षी, 1961 ला, वय 7 वर आणलं, आणि 1967 ला 3 वर. म्हणजे आधी तपासलं, आकडे बघितले आणि मग वयाची रेघ कुठे मारायची ते ठरवलं. आपण काय केलं? आधी रेघ मारली, दिल्लीत 10 आणि 15, आणि त्या रेघेअलीकडच्या गाडीत नक्की काय बिघडलेलं असतं ते तपासायची भानगडच ठेवली नाही. खाजगी गाडीला पहिली 15 वर्षं आपल्याकडे पीयूसी सोडून एकही सक्तीची तपासणी नाही. आणि पीयूसी म्हणजे काय, नळीत नळी घालायची, धूर मोजायचा, फोटो काढायचा. ब्रेक, स्टिअरिंग, गंज ह्याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. मग 14 वर्षं 11 महिन्यांची गाडी सुरक्षित आणि 15 वर्षं 1 महिन्याची धोकादायक हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि दिल्लीत ज्या गाडीला प्रदूषण करते म्हणून हाकलली ती एनओसी काढून दुसऱ्या राज्यात विकली की लगेच बरी होते का? आपल्याकडे त्या स्वस्तात मिळतात म्हणून लोक रांगा लावतात.

'माझी गाडी घोड्यासारखी' म्हणणाऱ्या पार्टीचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की अपघात गाडीने होत नाहीत, माणसाने होतात. ह्यात तथ्य आहेच. केंद्राच्या 2022 च्या अहवालात रस्त्यावर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेल्याची नोंद आहे आणि त्यातले 70 टक्क्यांच्या वर मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. पण हे खातं भरतं कोण आणि कसं, ह्याचा विचार केलाय का कधी? अपघात झाला की पंचनाम्यात 'भरधाव वेगाने, हयगयीने, निष्काळजीपणे' ही तीन फुलं वाहिली जातातच, जणू छापील कागद असतो. चुरगळलेल्या गाडीचा मागचा ड्रम उघडून शूजला ऑइल लागलंय का ते बघणारे किती? त्या दिवशी मागच्या ट्रकखाली मी गेलो असतो तर मीपण अतिवेगाच्या खात्यातच जमा झालो असतो, आणि गाडी कागदावर 2029 पर्यंत ठणठणीत राहिली असती. समृद्धी महामार्गावर टायर फुटायला लागले तेव्हा 2023 मध्ये आरटीओला एंट्रीवर उभं राहून टायर तपासायला लागले, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. ह्या गाड्या कागदावर चालण्यायोग्यच होत्या ना? कागद पुरेसा असता तर नाक्यावर वाकून टायर बघायची वेळ का आली?

दुसरा मुद्दा गरिबाचा. कडक तपासणी केली तर ज्याची कशीबशी एक जुनी गाडी आहे, भाजी आणायची, आईला डायलिसिसला न्यायचं, त्याच्या पोटावर पाय येतो. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो कारण तो खरा आहे, 5 हजार फी आणि वर 20 हजार दुरुस्ती हे अनेकांना परवडत नाही. पण जरा गाडीचा प्रवास बघा. नवी गाडी घेतो पैसेवाला, सात-आठ वर्षांनी विकतो, मग मध्यमवर्गीय, आणि 15 वर्षांपुढची गाडी घेतो कोण? ज्याला नवी परवडत नाही तोच. म्हणजे ढिल्या पासिंगची सूट मिळते विकणाऱ्याला आणि कुजलेला पत्रा येतो गरिबाच्या वाट्याला, वर दीड लाख देऊन. गरिबाची एवढी काळजी असेल तर फी कमी करा, दुरुस्तीला वेळ द्या, पहिल्या फेरटेस्टला पैसे घेऊ नका. त्याला आंधळा ठेवणं ही काय मदत झाली?

'सगळ्या भंगारात घाला' वाल्यांना आता वाटतं की ऑटोमेटेड स्टेशन आली की मिटलं, मशीन पैसे खात नाही. मशीन पैसे खात नाही हे शंभर टक्के मान्य. रोलरवर गाडी चढवली की डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक आकड्यात येतो, माझी गाडी डावीकडे ओढत होती ते तिथे पाच सेकंदांत कळलं असतं. ही स्टेशनं यायलाच पाहिजेत. पण मशीनसमोर गाडी आणतं कोण, कोणत्या अवस्थेत? ट्रकवाल्यांमध्ये विचारा, पासिंगच्या दिवसापुरते टायर दुसऱ्याचे लावायचे, संध्याकाळी काढून परत द्यायचे, हे कोणाला नवीन आहे? आणि गंज रोलरवर दिसत नाही, तो बघायला माणसालाच खड्ड्यात उतरायला लागतं. शिवाय रिपोर्ट तयार झाला तरी तो पडतो विकणाऱ्या मालकाच्या हातात, पुढच्या घेणाऱ्याला तीच एक तारीख. इथे मला जहाजांची एक गोष्ट आठवते. इंग्लंडमध्ये मालक लोक जहाजं वाट्टेल तेवढी भरायचे, वर विमा उतरवायचे, बुडालं तर मेले खलाशी, मालकाचं काही जायचं नाही, त्या जहाजांना तरंगत्या शवपेट्याच म्हणायचे. सॅम्युएल प्लिमसोल नावाचा खासदार हात धुऊन मागे लागला आणि 1876 मध्ये कायदा झाला की जहाजावर रेघ हवी, पाणी त्या रेघेच्या वर आलं की माल जास्त झाला. फार छान. फक्त रेघ कुठे मारायची ते मालकाने ठरवायचं! एका कप्तानाने ती धुराड्यावर मारली असा किस्सा सांगतात. खरी जागा कायद्याने ठरायला 1890 उजाडलं. पण एक आहे, ती रेघ जहाजाच्या बाहेरून होती, धक्क्यावरच्या हमालाला पण दिसायची. आपली रेघ सर्व्हरमध्ये आहे.

आणि वय वय करणाऱ्यांनी जरा रामदास बोट आठवावी. 17 जुलै 1947, गटारी अमावास्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, 600 च्या वर माणसं गेली, कोकणात अजून घराघरात सांगतात. केवढी जुनी होती ती? 1936 ची, अवघी 11 वर्षांची. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे ती बुडाली हे मुंबईला कळलं ते पोहत आलेल्या लोकांकडून. बोटीवर काय आहे आणि काय नाही हे तिकीट काढून चढणाऱ्याला कोण सांगणार होतं?

उलटंही बघा. महाडचा सावित्रीवरचा पूल ब्रिटिशकालीन, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन बसेससकट. त्याची तपासणी झाली नव्हती का? झाली होती, त्याच वर्षी मे महिन्यात, आणि वाहतुकीला योग्य असा शेरा होता. सीएसएमटीचा हिमालय पूल 14 मार्च 2019 ला संध्याकाळच्या गर्दीत पडला, त्याचंही स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती करून वापरण्यायोग्य असंच त्यात म्हटलं होतं. पण हिमालयच्या बाबतीत एक गोष्ट घडली जी गाड्यांच्या बाबतीत कधीच घडत नाही, ज्याने ऑडिट केलं त्याच्यापर्यंत पोलीस पोचले, अटक झाली. कारण पूल पडला की तो कोणी पास केला हे अख्खा महाराष्ट्र विचारतो. गाडी पडली की ड्रायव्हर कोण होता एवढंच विचारतो.

गाड्यांच्या बाबतीत कोणी विचारलंच नाही असं मात्र नाही. पुण्याच्या एका कार्यकर्त्याने 2013 मध्ये मुंबई हायकोर्टात जनहित याचिका टाकली की आरटीओत फिटनेस नीट न बघताच दिला जातो, ब्रेक तपासायला धड ट्रॅक नाहीत. कोर्टाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, 250 मीटरचा टेस्ट ट्रॅक हवा म्हणून सांगितलं, जिथे नाही तिथे फिटनेस देणं थांबवायला लावलं, आणि 2018 मध्ये 30 च्या वर आरटीओ अधिकारी निलंबित झाले. मी इन्स्पेक्टर लोकांना सरसकट चोर म्हणणार नाही, दारात गाड्यांची रांग, हातात एक टॉर्च, खड्डा पाण्याने भरलेला, आणि पाच वाजता सर्व्हर बंद, अशात माणूस काय तपासणार? पण म्हणूनच तर काय तपासलं आणि काय तपासता आलं नाही हे लिहिलेलं असलं पाहिजे. 'खालची बाजू बघता आली नाही' एवढं एक वाक्य माझ्या गाडीच्या रेकॉर्डला असतं तरी मी ती लिफ्टवर घेतल्याशिवाय घेतली नसती. आणि ते वाक्य त्या इन्स्पेक्टरचं पण रक्षण करतं, उद्या कोर्टात तो म्हणू शकतो मी लिहून ठेवलं होतं.

राहता राहिला तो आपल्या सगळ्यांच्या आवडीचा उपदेश, घेताना बघून घ्यायला पाहिजे होतं. हो, घ्यायला पाहिजे होतं, मी गाढवपणा केला, बायको रोज आठवण करून देते. फिटरला 500 रुपये देऊन लिफ्टवर घेणं ही पहिली गोष्ट करायची होती आणि मी ॲपवरच्या तारखेला भुललो. सेकंडहँडवाल्याच्या पावतीवर तर छापलेलंच होतं, गाडी बघून पसंत केली आहे, नंतर तक्रार चालणार नाही. पण हाच न्याय आपण बाकी कुठे लावतो का? वाण्याच्या तराजूवर वजनमापे खात्याचा छाप असतो, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यायला लागतो आणि त्याचं सर्टिफिकेट दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायला लागतं. अर्धा किलो कांद्यात 20 ग्रॅम मारले तर मी तक्रार करू शकतो, खात्याचा माणूस येऊन काटा पुन्हा तपासतो. 'घरून वजन घेऊन यायला पाहिजे होतं' असं मला कोणी सांगत नाही. कांद्याला जे संरक्षण आहे ते ताशी 80 ने घाट उतरणाऱ्या हजार किलोच्या लोखंडाला नाही.

आणि कायद्याची गंमत बघा. मालकाची गाडी नापास केली तर त्याला अपील आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम 57, 30 दिवसांत करा. चुकीची पास केली तर? नंतर घेणाऱ्याने कुठे जायचं? कलम 53 आहे, गाडी लोकांना धोकादायक असेल तर तिचं रजिस्ट्रेशन सस्पेंड करता येतं. म्हणजे मी तक्रार करायची आणि शिक्षा माझ्याच गाडीला! डीलरवर ग्राहक आयोगात जाता येतं, पण माझ्याकडे धड बिल कुठे होतं, निम्मे पैसे रोख, ते पण माझ्याच सोयीने. दोष मी माझ्याकडे घेतो पण तो माझ्याकडे पूर्ण येत नाही.

एक गोष्ट मात्र करता आली, माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि एकच ओळ, माझ्या नावावरच्या ह्या गाडीच्या नूतनीकरणाच्या वेळच्या तपासणीच्या कागदाची प्रत द्यावी. कायदा 30 दिवस म्हणतो, मला थोडे जास्त लागले, पण मिळाली. एक पान होतं. डाव्या बाजूला ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, लाइट, हॉर्न, वायपर, बॉडी असं एकाखाली एक छापलेलं. उजव्या बाजूला प्रत्येकासमोर रिकामी चौकट. आणि वरच्या चौकटीपासून खालच्या चौकटीपर्यंत एकाच दमात ओढलेली एक उभी निळी रेघ, तिच्या शेवटाला 'ओके', खाली सही. आकडा एकही नाही. मीटरवर किती किलोमीटर होते ते पण नाही. ते पान मी फिटरला दाखवलं तर तो म्हणाला, अक्षर छान आहे.

गाडी मी नीट करून घेतली, सिलिंडर, शूज, होज, पत्रा कापून नवा वेल्ड केला, सगळे मिळून 23 हजार गेले, आणि फिटरकडून काय काय केलं त्याची यादी किलोमीटरसकट लिहून घेतली, फोटो पण जोडले. मुलीचा हात आता बसलाय आणि ती नोकरीला बंगलोरला गेली म्हणून गाडी विकायला काढली. परवा एकजण बघायला आला होता, तरुण पोरगा, पहिलीच गाडी घेतोय, सोबत वडील. मी ती यादी आणि फोटोंचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. वडिलांनी ते उघडलं नाही, बाजूला सरकवलं, आणि मला विचारलं, ते जाऊ द्या, पासिंग कधीपर्यंत आहे?